पाणी तल्हाकडे मागितलंस

वलाता, शाबानची तिसरी

यद्दर,

सलाम. आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडून घेते.

तांड्याच्या पुढे पाठवलेला तुमचा हम्मादी आज दुपारी वेशीशी पोचला. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले, उंट तर गुडघे टेकूनच बसला. एकटा माणूस त्या वाळूतून वाट काढत आला की सगळं गाव बाहेर धावतं, तुला ठाऊक आहे. तो चुकला असता तर तुम्ही सगळे तिकडेच वाळून गेला असतात. पण या खेपेला तो लांबूनच ओरडला, "जवळ येऊ नका! तांड्यात फोडांचा रोग आहे!" चिठ्ठ्यांची पिशवी त्यानं वाळूवर फेकली आणि मागे सरून बसला. लोकांनी ती काठीनं उचलून धुरीवर धरली, मग वाचायला घेतली.

नेहमीचंच सगळं. पाणी घेऊन सामोरे या, घर बघून ठेवा. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाला लिहिलेलं. ज्याचं वलात्यात कुणीच नसतं तो तल्हा सौदागराला लिहितो. तल्हा भला माणूस आहे, तो परक्यांनाही पाणी धाडतो. त्याच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जात होत्या आणि मधेच तुझं नाव आलं.

मी हसले रे. म्हटलं, दुसरा कुणी यद्दर असेल. मग चिठ्ठी हातात घेतली तर तुझा तो लंगडा अलिफ! बाबांनी एकाच पाटीवर दोघांना शिकायला बसवलं, माझं अक्षर वळणदार झालं आणि तुझा अलिफ उत्तरेत सिजिलमासाच्या मोठमोठ्या गुरूंकडे शिकूनही लंगडाच राहिला. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि ते तल्हाच्या नावचं.

काय लिहिलंयस बघ. 'बायको वाटेत वारली. मुलगी आजारी आहे. हा रोग पूर्वी होऊन गेलेली एखादी बाई मजुरीवर मिळाल्यास पाठवावी.'

मजुरीवर! अरे मेल्या, वण असलेली बाई हवी म्हणून तू परक्याला विचारतोस? लहानपणी माझ्या तोंडाकडे बघून 'चाळणी, चाळणी' म्हणत कोण पळायचं? त्या चाळणीचा तुला विसर पडला होय?

मला कळतं तू का विसरलास. आमच्यात भावाची पोर तिच्या आईच्या घराण्याची. आत्या म्हणजे कुणीच नाही, सणाला गोड खाऊ घालणारी बाई, बास. आणि दुसरं कारण अमस्तान. तू उत्तरेकडून शिकून आलास, माझ्या बाजेवर परका पुरुष गप्पा मारत बसलेला दिसला आणि तुझं डोकं फिरलं. 'तो तरी या घरात येईल, नाहीतर मी.' मी म्हटलं, दोघंही या. तू चपला घालून निघालास तो आजतागायत.

तुझी कन्झा गेली हे वाचून मला रडू आलं. मी तिला कधी बघितलंही नाही. तिचा आवाज कसा होता तेही मला माहीत नाही.

गावानं ठरवलंय की तांड्यानं काळ्या खडकाच्या पलीकडेच थांबायचं. पाणी खडकाशी ठेवलं जाईल, तुमच्यात कुणी मिसळायचं नाही. ज्यांच्या अंगावर वण आहेत त्यांनाच काय ती मुभा. अशी माणसं सगळ्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्या अंगावर असं काही असल्याचं आज अचानक आठवेनासं झालंय. मी येतेय. अमस्तान येतोय. नाक मुरडू नकोस, पखाली कुणीतरी उचलायला हव्यात.

ही चिठ्ठी हम्मादीच आणतोय. पोरीला उन्हात ठेवू नकोस. तिला खाजवू देऊ नकोस.

तिझिरी


काळा खडक, शाबानची आठवी

यद्दर,

तुझं उत्तर दगडाखाली सापडलं. 'आक्का, तू ये, तुझे उपकार होतील. पण त्या माणसानं माझ्या मुलीला हात लावता कामा नये.'

उपकार? बहिणीला उपकार म्हणतोस? आणि वर अटी!

मी ते वाचत होते तेव्हा अमस्तान पखालींना गोणपाट गुंडाळत होता, वाऱ्यानं पाणी उडू नये म्हणून. त्यानं विचारलं, "काय म्हणतो गं तुझा भाऊ?" म्हटलं, "तुला सलाम सांगितलाय." तो म्हणाला, "खोटं बोलताना तुझं नाक लाल होतं." मग आपला पुन्हा गोणपाट बांधायला लागला. तुला राग आला असता तर तू चार दिवस बोलला नसतास. त्याला येतच नाही, तिथंच तर माझा नाइलाज होतो.

आज बैस आणि नीट वाच. हे तू कधी विचारलं नाहीस म्हणून मी कधी सांगितलं नाही.

मी लहान असताना एक मोठा तांडा आला होता. तुला आठवणं शक्य नाही, तू पाळण्यात होतास. तगाझाच्या मिठाच्या लाद्या होत्या, तांब्याच्या कांबी होत्या, निळे मणी होते, आणि उंटावर हेलकावे खात आलेले एक किडकिडीत गुरुजी होते. त्यांच्या पेटीत पाच पुस्तकं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी गुरुजींना घरीच ठेवून घेतलं आणि मला तांबड्या लोकरीची एक घोंगडी घेतली. मी ती अंगावरून काढायचीच नाही. घोंगडी कुणाच्या अंगावरची होती देव जाणे. मला ताप आला, मग तोंडात फोड, मग सगळीकडे. म्हणजे ज्या तांड्यानं मला अक्षरं दिली त्याच तांड्यानं हे तोंडही दिलं. त्या रस्त्याला शिव्या द्याव्यात की त्याचे पाय धरावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईनं तुला उचललं आणि त्याच सकाळी मामाच्या तळावर निघून गेली. तिनं बरोबर केलं. तू वाचलास. पण मी गावाबाहेरच्या तंबूत होते आणि आई मागे वळून बघतेय का हे बघत होते. तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता, हे मला स्वतः आई झाल्यावर कळलं.

त्या तंबूत एक आंधळी म्हातारी पाणी पाजायला होती आणि दुसऱ्या चटईवर एक मुलगा होता. माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याचे डोळे फोडांनी मिटले होते. मी रडायला लागले की तो म्हणायचा, "ए, तिकडे काय दिसतंय सांग ना, मला दिसत नाही." मग मी सांगायची. उंट दिसतोय, खाली बसलाय, आता उठला. दिवसभर सांगत राहायची. त्याला दिसायला लागल्यावर मला कळलं की त्याला माझ्या उंटांत काडीचा रस नव्हता, मी रडू नये म्हणून तो विचारायचा. त्या मुलाचं नाव अमस्तान.

तो माझा मित्र आहे. माझं लग्न झालं तेव्हा होता, नवरा गेला तेव्हा होता. नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही, माझ्या मुलांना वाटलं नाही, गावातल्या काझीसाहेबांनाही वाटत नाही, कारण त्यांच्या बायकोचाही एक मित्र आहे आणि तो बुद्धिबळात काझीसाहेबांना हरवतो. तुला मात्र वाटलं. तू म्हणायचास उत्तरेत धर्म खरा शिकवतात. असेल बाबा. आमच्याकडेही तोच आला, त्याच वाटेनं आला, पण इतकी वाळू तुडवत आल्यावर त्याचे पाय थोडे आमच्यासारखे झाले. आम्ही नमाज चुकवत नाही. आणि माणसांनाही चुकवत नाही.

तर आता ऐक. उद्या सकाळी पोरीला घेऊन खडकापर्यंत ये, चटईवर ठेव आणि मागे फीर. तुला हा रोग झालेला नाही, आईनं तुला ज्याच्यापासून वाचवलं त्याला तू आता मिठी मारू नकोस. तिला जो हात मोकळा असेल तो उचलेल. माझा किंवा त्याचा. हे मान्य नसेल तर तल्हाला पुन्हा लिही.

तिझिरी


तंबूत, शाबानची सोळावी

यद्दर,

तू हाकेच्या अंतरावर आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. दुसरं काय करू, ओरडायला गेले की भांडणच तोंडात येतं.

काल तू वाळूच्या टेकाडावर उभा होतास ते आम्ही बघितलं. इत्तो म्हणाली, "तो माझा बाबा." मी म्हटलं, "कशावरून? तोंड तर मुंडाशाच्या पदरानं झाकलंय." ती म्हणाली, "तो उभा राहतो तेव्हा एका पायावर असतो." मला हसू फुटलं. बाबांनी कितीदा ओरडून सांगितलं असेल तुला, नीट उभा राहा म्हणून.

तिचं सांगते, मग बाकीचं. ताप उतरलाय. मधे तो पुन्हा चढला होता तेव्हा मी तुला कळवलं नाही, कळवून तू काय केलं असतंस, पळत आला असतास. फोड भरलेत, काही सुकायला लागलेत. डाव्या डोळ्याची मला भीती होती, पण आज तिनं तो उघडला आणि पहिलं वाक्य काय, तर "आत्या, तुझ्या तोंडावर पण आहेत."

आत्या म्हणाली रे! कुणी शिकवलं? तू? का कन्झानं?

मी म्हटलं, "हो, आहेत." तिनं बोट लावून बघितलं. "दुखतात?" "नाही." "मग का ठेवलेस?" अमस्तान दारातून म्हणाला, "तिच्याकडून ते कुणी घ्यायलाच तयार नाही." ती इतकी हसली की ओठ फुटला. मी त्याला बाहेर हाकललं.

हो, तिला खडकावरून त्यानंच उचलून आणलं. मी दुसऱ्या आजाऱ्याला पाणी पाजत होते. तू टेकाडावरून बघितलंस हे मला माहीत आहे. तू ओरडला नाहीस तेही बघितलं.

खडकापर्यंत पाणी आणायला आता गावातलं कुणी धजत नाही, म्हणून अमस्तानच दर खेपेला गावापर्यंत जातो आणि पखाली भरून आणतो. मी इथे. तांड्यातले आणखी सहा-सात जण तंबूत आहेत. तगाझाचा तो उंच मीठवाला परवा गेला. त्याच्या लाद्या अजून उंटांशेजारी तशाच रचून ठेवल्यात. उंट येऊन चाटतात, कुणी हाकलत नाही. उंटवाल्याचा मुलगा मात्र वाचला, तो आणि इत्तो खड्यांनी खेळतात आणि दिवसभर एकमेकांना लबाड म्हणतात.

खजुरांची पिशवी मिळाली. कुणासाठी ते तू लिहिलं नाहीस. इत्तोला अजून गिळवत नाही, आणि मला दात नाहीत हे तुला हम्मादीनं सांगितलंच असेल. मग ते कुणासाठी पाठवलेस? मी विचारत नाही. अमस्तानच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, उत्तरेकडून आलेत. त्यानं एक तोंडात टाकला, डोळे मिटले, म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, खजूर चांगला आहे, पण सलाम अजून बाकी आहे."

मी सांगितलं.

तिझिरी


तंबूत, शाबानची पंचविसावी

यद्दर,

खपल्या पडायला लागल्या. मी त्या गोळा करून खड्ड्यात जाळते, गावचा तसा हुकूमच आहे. इत्तो उठून बसते, बाजरीचं पीठ मधादुधात कालवलेलं भोपळ्याचा तुंबा भरून खाते आणि अजून मागते. पोर वाचली. हे वाक्य मी दोनदा लिहिलं असतं, पण कागद संपत आलाय.

तू लिहितोस, 'तिच्या तोंडाचं काय? सिजिलमासात अशा मुलीला कोण पत्करेल?' अरे, सिजिलमासाला कोण पाठवतंय तिला? इथे आमच्या बायका तोंड उघडं ठेवून फिरतात, सगळं जगासमोर. मला नवरा मिळाला, मुलं झाली, एक नसता मित्रही मिळाला ज्याच्यामुळे माझा भाऊ गेला. पुरुषांचं बरं आहे, तुमचे वण मुंडाशाच्या पदरात जातात. अमस्तानचं तोंड किती जणांनी बघितलंय? मी बघितलंय, आणि आता इत्तोनं. तिनं पदर ओढून सोडवला आणि मोजायला बसली. मग निकाल दिला की आत्याला जास्त आहेत.

तू असंही विचारतोस की पुढे तिला कुणाच्या घरात वाढवायचं, आईकडचं तर इथे कुणी नाही. ते तू मला विचारतोयस हे बघून मला बरं वाटलं. तल्हाला विचारलं असतंस तर मी खडकावरून दगडच मारला असता.

उष्ण वारा सुटलाय. रेतीनं डोळे भरतात. गावातून येताना निम्म्या वाटेतच पखाली सुरकुततात. अमस्तान म्हणतो की आता तो वाऱ्याच्या आधी पोचेल असा निघतो. म्हाताऱ्यानं असं बोलायचं! मी त्याला म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठव. तो म्हणाला, "कुणाला? वण मोजून सांग." त्याला खोकला झालाय.

तुझ्या कालच्या चिठ्ठीत तळाशी, रेघेखाली, बारीक अक्षरात होतं: 'खोकल्याला मध घ्यावा.' कुणी घ्यावा ते नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं चिठ्ठी मागून घेतली, आणि या कागदाचं काय करतोस विचारलं तर म्हणाला, ठेवतो. त्याला वाचता येत नाही, तुला माहीतच आहे.

एकदा समोरासमोर त्याला सलाम कर. तुझं काय जातं? वारा पडला की कर. वीस पावलांवरून कर.

तिझिरी


तंबूत, शाबानची एकोणतिसावी

यद्दर,

अमस्तान गेला.

सकाळी वाऱ्यातूनच आला. तिन्ही उंट बरोबर होते, पखाली ओल्या होत्या. मी ओरडले, "अरे, या वाऱ्यात कशाला निघालास!" तो उंटावरून उतरला, त्याला टेकून बसला आणि म्हणाला, "आधी पाणी उतरवून घे." मी पखाली उतरवल्या, सावलीत नेल्या, इत्तोला तुंबा भरून दिला, दुसरा त्याच्यासाठी घेऊन आले. तो तसाच बसला होता. मला वाटलं डोळा लागला.

त्याची स्वतःची पखाल त्याच्या खोगिराला तशीच बांधलेली होती. गाठ सुटलेली नाही, या खेपेला तो निघताना मीच भरून मारली होती ती. पोरांसाठी राखून ठेवलं मूर्खानं. सगळ्या वाटेत एक घोट घेतला नाही. मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, मेलेल्या माणसाला कुणी असं बोलतं का? पण माझं ऐकून घ्यायची त्यालाच सवय होती.

त्याच्या मुंडाशात तुझी ती चिठ्ठी होती. मधाची.

आता मला तुला काही विचारायचंय आणि तू शिकलेला आहेस म्हणून विचारतेय, टोमणा नाही. हम्मादी त्याला आंघोळ घालायला तयार आहे. पण पाणी तेवढंच आहे, वारा पडेपर्यंत दुसरं येणार नाही. त्यानं जे आणलं ते त्याच्यावर ओतायचं की तंबूतल्यांना पाजायचं? प्रवासात पाणी नसलं तर वाळूवर हात मारून शुद्ध होता येतं, हे त्या किडकिडीत गुरुजींनीच मला शिकवलं होतं. मेलेल्यालाही ते चालतं ना? मला वाटतं चालावं. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "तिझिरी, वाळू तर आयुष्यभर लावलीच आहे, आज आणखी थोडी लाव." पण तू सांग. तू सांगितलंस की माझं मन थाऱ्यावर येईल.

खड्डा खणून झालाय. खडकाच्या सावलीत, जिथून तांड्याची वाट दिसते. इत्तोनं आणि उंटवाल्याच्या पोरानं कडेनं दगड लावलेत. ती मला विचारत होती, "आता मला उंट कोण दाखवणार?" मी म्हटलं, तूच सांग, काय दिसतंय? तर सांगत बसली. उंट बसलाय. बाबा टेकाडावर उभा आहे. आज दोन्ही पायांवर उभा आहे.

त्याच्या जनाज्याच्या नमाजाला पुढे कुणीतरी उभं राहायला हवं. तुमच्या तांड्यात दाढीवाले पुष्कळ आहेत, हम्मादी म्हणाला की कुणालाही सांगतो. काझीसाहेब गावातून येणार नाहीत, यायलाही नको. तल्हाला कळवलं तर तो भला माणूस कुणाला तरी मजुरी देऊन पाठवेल.

मी कुणालाही कळवलेलं नाही. पाणी मागायला तुला परका आठवला, मला नमाजाला परका नको. माझ्या मित्रासाठी माझा भाऊ उभा राहील. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहा, आमच्यापासून लांब, तुला काही होता कामा नये. मी आणि इत्तो मागे उभ्या राहू. आणि नमाज संपताना उजवीकडे मान वळवून सलाम म्हणशील ना, तेव्हा त्यात त्यालाही धर. त्याचा सलाम बाकी आहे.

ऊन उतरायच्या आत ये. आशीर्वाद अजून माझ्याकडेच आहेत, आलास की देते.

तुझी आक्का